गाव म्हणजे काय? सातारा-सांगलीतील गावांची रूपे आणि त्यातली आपली जागा

"तुझं गाव कुठलं?" हा प्रश्न आपल्याकडे पहिल्या भेटीतच विचारला जातो. उत्तर मात्र सोपे नसते. कोणी वाडीचे नाव सांगतो, कोणी मोठ्या गावाचे, कोणी तालुक्याचे. आपल्या समाजातला तरुण अनेकदा गावाचे नाव सांगून थांबतो, कारण पुढचा प्रश्न "गावात कुठं राहता?" हा असतो आणि त्याच्या उत्तरात जात कळते.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत काम करताना आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. घरकुल, रस्ता, पाणी, स्मशानभूमी, वतनाची जमीन यांपैकी कोणताही प्रश्न घेतला, तरी तो शेवटी "गाव कशाला म्हणायचे आणि त्या गावात आपण धरलेलो आहोत का" इथे येऊन ठेपतो. म्हणून कार्यकर्त्यांना हाताशी असावी अशी ही माहिती इथे एकत्र देत आहोत.

कायद्यातले गाव : एक नव्हे, तीन

सरकारी कागदांत "गाव" या एकाच शब्दाचे तीन वेगळे अर्थ आहेत.

पहिले *महसुली गाव*. याला स्वतःची हद्द, नकाशा आणि गाव नमुने असतात. सातबारा, आठ-अ हे उतारे याच गावाच्या नावाने निघतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मधील व्याख्येप्रमाणे "गाव" या शब्दात शहर आणि त्याची सगळी जमीनही येते. म्हणून शहरातल्या जमिनीच्या उताऱ्यावरही "गाव" हा रकाना असतो.

दुसरे *पंचायतीचे गाव*. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ नुसार राज्यपालांनी अधिसूचनेने जाहीर केलेले गाव किंवा गावांचा गट म्हणजे पंचायतीसाठीचे गाव. त्यामुळे दोन-तीन छोटी महसुली गावे आणि त्यांच्या वाड्या मिळून एकच ग्रामपंचायत असू शकते. तिला आपण ग्रुप ग्रामपंचायत म्हणतो. पाटण, जावळी, महाबळेश्वर या डोंगरी तालुक्यांत अशा पंचायती पुष्कळ आहेत.

तिसरे *जनगणनेचे गाव*. जनगणना साधारणपणे महसुली गावच धरते. मात्र लोकसंख्या किमान ५,०००, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे, या तीन अटी पुऱ्या झाल्या तर ग्रामपंचायत असलेल्या गावालाही जनगणना शहर म्हणून मोजते. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ आणि सांगलीची २८,२२,१४३ होती. साताऱ्यात शंभरातली सुमारे ८१ आणि सांगलीत सुमारे ७५ माणसे ग्रामीण भागात मोजली गेली.

हा फरक नीट समजून घ्यायला हवा. एखादी बौद्धवस्ती महसुली दप्तरात एका गावात, ग्रामपंचायतीत दुसऱ्या गावाबरोबर आणि लोकांच्या बोलण्यात तिसऱ्याच नावाने असू शकते. अर्ज कोणत्या नावाने करायचा हेच ठाऊक नसेल, तर तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो.

पांढरी, काळी आणि वेस

देशावरच्या जुन्या गावाचे दोन भाग होते. घरे असलेली *पांढरी* आणि कसायची जमीन ती *काळी*. पांढरीलाच आज कायद्याच्या भाषेत गावठाण म्हणतात. पांढरीभोवती गावकूस आणि तिला वेस. कुसाच्या आत पाटील, कुलकर्णी, शेतकरी, कारागीर. कुसाबाहेर, बहुधा ओढ्याच्या किंवा नदीच्या खालच्या अंगाला, महारवाडा आणि मांगवाडा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या "गावगाडा" या ग्रंथात या रचनेचे आणि बलुतेदारीचे तपशीलवार वर्णन आहे.

गावगाड्याला महारांच्या कामाशिवाय एक दिवस चालता येत नव्हते. हद्दीच्या वादात साक्ष देणे, सारा पोहोचवणे, दवंडी, पहारा, मेलेली जनावरे ओढणे, सरकारी माणसांची सरबराई ही सगळी कामे त्यांची. गावाची शीव सर्वांत चांगली ज्याला माहीत होती, त्यालाच वेशीच्या आत राहण्याची मुभा नव्हती. आटपाडीचे शंकरराव खरात यांनी "तराळ-अंतराळ" या आत्मकथनात आपल्याच घरातली तराळकी मांडली आहे. वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी वारणेच्या खोऱ्यातले मांगवाड्याचे जग मराठी साहित्यात आणले. गाव वेशीबाहेरून कसे दिसते हे समजून घ्यायचे, तर या दोन जिल्ह्यांतले हे दोन लेखक वाचलेच पाहिजेत.

त्रिपिटकातला "गाम"

"गाव" हा शब्द संस्कृत "ग्राम" आणि पाली-प्राकृत "गाम" यांतून आला. पाली साहित्यात गाम, निगम, नगर अशी वस्त्यांची चढती रचना दिसते. निगम म्हणजे बाजाराचे, व्यापाराचे ठिकाण. मध्य प्रदेशातील भरहुत स्तूपाच्या दानलेखांत "करहकट" निगमाच्या दानाची नोंद आहे आणि अभ्यासक हे करहकट म्हणजे आपले कराड मानतात. कराडजवळ जखिणवाडीच्या डोंगरातली आगाशिवची लेणी, वाईजवळची लोहाऱ्याची लेणी, शिरवळची लेणी ही त्या काळातल्या व्यापारी वाटांवरच्या वस्त्यांची खूण आहे. भिक्खूसंघ गावापासून फार दूर नाही आणि गावाच्या गोंगाटातही नाही, अशा अंतरावर राहत असे.

विनयपिटकात गावाची एक व्याख्या येते. एक झोपडी असली तरी ते गाव, दोन, तीन, चार असल्या तरी गाव. माणसे असलेलेही गाव आणि नसलेलेही गाव. कुंपण असलेले, कुंपण नसलेले, गुरे बसावीत तसे विखरून वसलेले, तेही गाव. आणि एखादा तांडा चार महिन्यांहून जास्त काळ एका जागी राहिला, तर तोही गाव.

ही व्याख्या अदत्तादान म्हणजे चोरीच्या नियमासंदर्भात आली आहे, समाजशास्त्र सांगण्यासाठी नव्हे. तरी तिच्यात कोणाची जात किती, पाटील कोण, मंदिर आहे का, वेस आहे का, यातली एकही अट नाही. माणसे जिथे राहतात ते गाव, एवढे साधे माप आहे. पुढे दिलेली रूपे वाचताना हे माप लक्षात ठेवा.

नावांत दडलेली रूपे

आपल्या गावाचे नाव म्हणजे त्याचा जुना दाखलाच असतो.

*बुद्रुक आणि खुर्द* : एकाच नावाची दोन गावे झाली की मोठे ते बुद्रुक आणि धाकटे ते खुर्द. दोन्ही शब्द फारसीतून आले. कराड तालुक्यातील रेठरे बुद्रुक आणि रेठरे खुर्द हे जवळचे उदाहरण. वाळवा तालुक्यात रेठरे हरणाक्ष हे तिसरे रेठरे आहे.

*कसबे आणि मौजे* : बाजारपेठ किंवा परगण्याचे मुख्य ठिकाण ते कसबे, साधे शेतीचे गाव ते मौजे. मिरज तालुक्यात कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज ही दोन गावे आजही त्याच नावांनी आहेत.

*वाडी* : मुख्य गावातून फुटून शेताजवळ वसलेली लहान वस्ती. पुढे ती स्वतंत्र गावही होते. पाटण तालुक्यातील मान्याची वाडी हे छोटे गाव २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून गाजले. वाडी लहान असली म्हणून मागे राहते असे नाही.

*वस्ती आणि मळा* : विहीर किंवा पाट झाला की शेतकरी रानात राहायला जातो. अशी एका भावकीची घरे म्हणजे वस्ती किंवा मळा.

जमिनीप्रमाणे बदलणारी गावे

कृष्णा, कोयना, वारणा यांच्या काठी काळी जमीन आणि बारमाही पाणी. इथली गावे मोठी आणि घरे एकमेकांना चिकटून. साखर कारखाने, दूध संघ, शाळा-महाविद्यालये याच पट्ट्यात अधिक. रयत शिक्षण संस्थेची सुरुवात १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले इथे झाली. प्रतिसरकारचा जोरही याच पट्ट्यात, कुंडल परिसरात होता. सुबत्ता आली, पण वस्ती बदलली नाही. गावाची घरे दुमजली झाली तरी बौद्धवस्ती बहुतेक ठिकाणी जुन्याच जागी आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी ही गोष्ट पुन्हा दाखवली. नदीच्या खालच्या अंगाला कोण राहते, हे पाणी आल्यावर सगळ्यांना कळते.

सह्याद्रीकडे, म्हणजे पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि शिराळ्याच्या पश्चिमेला, गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या पाच-दहा वाड्या. शेती थोडी, पाऊस फार. इथले अर्धे गाव मुंबईत असते. माथाडी, गिरणी, गोदी यांत गेलेल्या पिढ्यांनी तिथे ग्रामस्थ मंडळे काढली. आपल्या समाजाचीही अशी मंडळे आहेत आणि अनेक वाड्यांतली बुद्धविहारे मुंबईकरांच्या वर्गणीतून उभी राहिली आहेत. याच भागातले भिलार ४ मे २०१७ पासून "पुस्तकांचे गाव" म्हणून ओळखले जाते.

पूर्वेकडे माण, खटाव, खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ, जत हा दुष्काळी पट्टा. गावे एकमेकांपासून दूर, मधल्या माळावर धनगरांच्या आणि शेतकऱ्यांच्या वस्त्या. यातला काही भाग पूर्वी औंध संस्थानात होता. १९३९ मध्ये तिथल्या राजांनी गांधीजींच्या सल्ल्याने गावपंचायतींच्या हाती कारभार देणारी घटना लागू केली. जतच्या पूर्वेला कन्नड बोलणारी गावे आहेत. पाण्यासाठी तिथून कर्नाटकात जाण्याची भाषा झाली आणि २०२२ मध्ये ती दोन राज्यांतल्या वादाचा विषय ठरली. खानापूर-आटपाडीचे गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरले. ज्याच्याकडे ना जमीन, ना भांडवल, तो इथून ऊसतोडीला आणि बांधकामावर गेला.

खटाव तालुक्याशी आपले नाते जुने आहे. महात्मा फुले यांचे मूळ गाव कटगुण याच तालुक्यात, तर सावित्रीबाईंचे जन्मगाव नायगाव खंडाळा तालुक्यात. बाबासाहेबांचे वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. साताऱ्याच्या शाळेत शिकणारा लहान भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाला आणि मसूर स्टेशनावर उतरला. जात कळताच गाडीवानांनी त्यांना गाडीत घेण्यास नकार दिला आणि पुढच्या सगळ्या वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

उठवलेली गावे आणि बेचिराग गावे

कोयना धरणात पाटण-जावळीची कितीतरी गावे गेली. तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो १९७६ मध्ये आला. लोक दूरच्या जिल्ह्यांत विखुरले गेले. पुढे धोम, कण्हेर, वारणा, उरमोडी, तारळी ही धरणे झाली. चांदोली आणि कोयना अभयारण्यांतली गावेही उठली आणि २०१० मध्ये हा सगळा पट्टा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आला.

महसुली दप्तरात ज्या गावात दिवा लागत नाही त्याला *बेचिराग* गाव म्हणतात. गाव कागदावर असते, माणसे नसतात. उलट पुनर्वसित वसाहतीत माणसे असतात, पण महसुली गाव म्हणून नोंद व्हायला वर्षानुवर्षे लागतात. तोवर गावठाणाचा नकाशा नाही, स्मशानभूमी नाही, कधी कधी रेशन दुकानही नाही.

पुनर्वसित गावठाण नव्या आखणीने बसवले जाते. सरळ रस्ते, समान प्लॉट. जुनी वेस मोडायची ही खरी संधी होती. पण आम्ही पाहिलेल्या बऱ्याच वसाहतींत प्लॉटवाटपही "मूळ गावच्या रचनेप्रमाणे" झाले, म्हणजे आपली घरे पुन्हा टोकाला. जिथे कार्यकर्त्यांनी वाटपाच्या वेळीच चिठ्ठ्या टाकून प्लॉट द्यायचा आग्रह धरला, तिथे शेजार बदलला.

चार महिन्यांचे गाव

दरवर्षी गळीत हंगामात कृष्णाकाठी नवी गावे वसतात. बीड, अहिल्यानगर आणि आपल्याच जत-आटपाडीकडून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या. चार-पाच महिने शेकडो माणसे तिथे राहतात, तिथेच बाळंतपणे होतात, मुले वाढतात. यात आपल्या समाजाची कुटुंबेही असतात. विनयाच्या व्याख्येने हे गाव ठरते. कायद्याने मात्र नाही. पंचायतीला त्यांचे पाणी द्यायचे बंधन वाटत नाही, कारण ते "आपले मतदार" नाहीत. भटक्या-विमुक्तांच्या पालांचेही तेच. जवळच्या अड्ड्यावर किती मुले शाळेबाहेर आहेत याची यादी करून शाळेत आणि पंचायतीत देणे, हे कोणत्याही शाखेला हंगामात करता येईल असे काम आहे.

बाबासाहेब आणि गाव

१८३० मध्ये चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या गावांना छोटी प्रजासत्ताके म्हटले. पुढे अनेकांनी ते उचलले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी या कौतुकाचा समाचार घेतला. गाव म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे घर आहे, म्हणून घटनेने गावाऐवजी व्यक्तीला एकक मानले याचा आनंद आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे अनुच्छेद ४० मध्ये ग्रामपंचायती आल्या, पण हक्कांचा धनी माणूसच राहिला.

त्यांनी केवळ टीका केली नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्यात सुधारणेचे विधेयक आणले, कारण तुटपुंज्या वतनापायी महार समाज गावाच्या गुलामीत अडकला होता. जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली आणि १९४७ च्या "स्टेट्स अँड मायनॉरिटीज" या निवेदनात त्यासाठी वसाहत आयोग सुचवला गेला. गावात अल्पसंख्य, भूमिहीन आणि पोटासाठी गावावर अवलंबून असलेला समाज नुसत्या कायद्याने मोकळा होत नाही, हे त्यामागचे कारण होते.

स्वतंत्र वसाहती झाल्या नाहीत. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली आणि जमिनी कब्जेहक्काची रक्कम भरून वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली. पण रक्कम न भरल्याने, वाटण्या न झाल्याने आणि दुसऱ्याच्या ताब्याने अनेक जमिनी हातच्या गेल्या. १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनंतर गायरानाचा प्रश्न पुढे आला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. ज्यांनी दंडाच्या पावत्या जपल्या त्यांना त्याचा उपयोग झाला.

महारवाडा ते भीमनगर

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महारवाड्यांनी स्वतःला बौद्धवाडा, बौद्धवस्ती म्हणायला सुरुवात केली. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समता नगर, भीम नगर, ज्योती नगर, क्रांती नगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलणे गरजेचे होते. पण नाव बदलून गावाशी नाते बदलते का, हा प्रश्न उरतो.

जून २०२३ मध्ये मिरज तालुक्यातील बेडगमध्ये बाबासाहेबांच्या नावाची उभी राहत असलेली स्वागत कमान पाडली गेली. न्याय मागण्यासाठी आपल्या समाजातील अनेक कुटुंबे गाव सोडून मुंबईकडे पायी निघाली. एका कमानीसाठी एवढे का, असे विचारणारेही होते. कमान म्हणजे वेस. शतकानुशतके ज्यांना वेशीबाहेर ठेवले, त्यांनी वेशीवर आपल्या उद्धारकर्त्याचे नाव लिहायचे म्हटले, की गाव कोणाचे हा प्रश्न उघडा पडतो. बांधकामाच्या परवानगीचा वाद कायद्याने सुटू शकतो, हा प्रश्न मात्र केवळ परवानगीने सुटणारा नाही.

आपल्या गावाचा अभ्यास : काय पाहायचे?

तरुण मित्रांनो, पुढच्या महिन्याभरात आपापल्या गावाचे एवढे कागद जमवा.

१. हद्द आणि गावठाण नकाशा : भूमी अभिलेख कार्यालयातून नक्कल काढा. आपली वस्ती गावठाणात आहे, गायरानात आहे की वतनाच्या गटात? घरकुलाचे बहुतेक अर्ज याच मुद्द्यावर अडतात.

२. मालमत्ता पत्रक : स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल, तर आपल्या घरांची नोंद कोणाच्या नावाने झाली ते तपासा. गावठाणाबाहेरची घरे यातून सुटतात.

३. गाव नमुना १-ई : सरकारी जमिनीवरील अतिक्रमणांची ही नोंदवही. गायरानातल्या घरांचा जुना पुरावा इथे मिळतो.

४. वतन जमिनीचे जुने फेरफार : कोणत्या साली, कोणाच्या नावे, कोणाच्या परवानगीने जमीन गेली ते लिहून काढा. भावकीत एकच प्रत असेल तर तिच्या झेरॉक्स करून ठेवा.

५. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज : चराई, वाट, पाणी, दहन-दफनाची जागा यांवरचे गावाचे हक्क यांत नोंदलेले असतात. आपल्या स्मशानभूमीची नोंद नसेल, तर ती करून घेणे हे पहिले काम.

६. ग्रामपंचायतीचा १५ टक्के खर्च : स्वतःच्या उत्पन्नातला हा हिस्सा मागासवर्गीयांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. मागच्या पाच वर्षांचा तपशील माहिती अधिकारात मागा.

७. वस्ती विकास आराखडा : अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाचा निधी वस्तीच्या लोकसंख्येप्रमाणे येतो. आराखड्यात आपली वस्ती आणि तिचा खरा आकडा आहे का? मुंबई-पुण्याला गेलेली कुटुंबे वगळल्यामुळे आकडा घटतो आणि निधीही घटतो.

८. ग्रामसभा : वर्षातून किमान चार. ठराव तोंडी नको, लेखी द्या आणि इतिवृत्तात आला का ते पाहा. गावाची नगरपंचायत झाली, जसे कडेगाव, शिराळा, कवठे महांकाळ, की ग्रामसभा संपते. म्हणून आहे तोवर ती वापरा.

९. बहिष्कार : किराणा, दळण, मजुरी, पाणी बंद केले गेले तर अॅट्रॉसिटी कायद्याबरोबर सामाजिक बहिष्कारविरोधी २०१६ चा राज्य कायदाही लागू होतो. तक्रारीत दोन्हींचा उल्लेख करा.

बाबासाहेबांनी "खेडी सोडा, शहरांकडे चला" हा मार्ग दाखवला आणि त्या वाटेने आपल्या लाखो घरांत शिक्षण आले. तरी आजही मोठा समाज गावात आहे आणि शहरात गेलेल्यांचेही घर, विहार, पूर्वजांची माती तिथे आहे. ज्याला जायचे त्याने मोकळेपणाने जावे, ज्याला राहायचे त्याने बरोबरीने राहावे. त्या बरोबरीची सुरुवात गावाच्या नकाशावर आपले घर दिसण्यापासून होते. एक झोपडी असली तरी ते गाव, हे माप आपल्याकडे अडीच हजार वर्षांपासून आहे. ते आपल्या पंचायतीच्या दप्तरात उतरवायचे काम आता आपले.

जयभीम. नमो बुद्धाय.